मुचलक्याची नोटीस आलीय. नागरी हक्कवाल्या संस्थेकडं मदत मागायची तर कशी?

शाईवाला

नमस्कार मंडळी. प्रश्न लांबलचक आहे, पण अर्धवट सांगून उपयोग नाही म्हणून सगळंच लिहितो.

माझा छोटा छापखाना आहे, बेळगाव जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, लिहिलं तर ठाणं कुठलं ते लगेच कळेल. एक मिनी ऑफसेट, एक जुनं कटिंग मशीन, दारात झेरॉक्स, आणि नंबरिंगला एक पोरगा. लग्नपत्रिका, मंडळांची पावतीपुस्तकं, दुकानांची बिलबुकं असली कामं. मराठी मॅटर श्री-लिपीत, कन्नड मॅटर नुडीत. गिऱ्हाईक दोन्हीकडचं येतं आणि उधारीही दोन्हीकडची सारखीच राहते.

ऑक्टोबरात काळ्या दिनाच्या फेरीचं पत्रक छापलं. एक नोव्हेंबर हा कर्नाटकाचा राज्योत्सव, सीमाभागातली मराठी माणसं तो काळा दिन म्हणून पाळतात. एक नोव्हेंबरला संभाजी उद्यानाकडं या, दंडाला काळी फीत बांधा, शांततेत चाला, एवढंच त्यात. अशी पत्रकं वडिलांच्या हातून छापली गेली, आता माझ्या हातून. तळाला बारीक टायपात प्रेसचं नाव आणि मोबाइल नंबर असतो, तसा याही खेपेला होता. त्या नंबरवरूनच हवालदार दुकानात आले आणि नोटीस हातात दिली.

नोटीस नवीन कायद्यातली आहे, बीएनएसएस म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, कलम १२६. माझ्यामुळं शांतताभंग होण्याची शक्यता आहे म्हणे, म्हणून पन्नास हजारांचा मुचलका (शांतता राखण्याचं हमीपत्र) आणि तेवढ्याच रकमेचे दोन जामीनदार का घेऊ नयेत याचं कारण तहसीलदारांपुढं येऊन दाखवायचं. मुदत एक वर्ष. तारीख याच महिन्याअखेरची.

कन्नड मला वाचता येतं, रोज टाइप करतो. अडचण ती नाही. गावातल्या आणखी काही जणांना नोटिसा आल्यात. मंडळाचा अध्यक्ष, एक पेन्शनर मास्तर, एक ट्रॅक्टरवाला. सगळे झेरॉक्स काढायला माझ्याकडंच आले, म्हणून चारी कागद शेजारी शेजारी ठेवून बघितले. मॅटर एकच आहे ओ. नाव आणि बापाचं नाव तेवढं वेगळ्या फाँटात, मागाहून भरलेलं. वयाच्या जागी माझ्या नोटिशीत मास्तरांचं वय राहिलंय. आणि चौघांच्याही कागदात हे वाक्य आहे की मागल्या वर्षी फेरीत अग्रभागी राहून चिथावणीच्या घोषणा दिल्या. मागल्या एक नोव्हेंबरला मी मिरजेत दवाखान्यात होतो, वडिलांच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनला. डिस्चार्ज कार्ड घरात आहे. मास्तरांना तर धड जिना उतरता येत नाही, ते कुठं अग्रभागी राहतात.

इथल्या वकिलांना विचारलं. म्हणाले, सही कर आणि मोकळा हो, दरवर्षीचं आहे, सगळेच करतात. पण सही केल्यावर वर्षभरात दुकानात कुणाशी बाचाबाची झाली तरी पन्नास हजार माझ्या आणि जामीनदारांच्या बोकांडी बसणार ना? शिवाय अशाच कागदांवरून पुढं रौडी शीट, म्हणजे पोलिसांच्या गुंडांच्या यादीत नाव, उघडतात असं ऐकलंय. मी कुठल्या समितीचा पदाधिकारी नाही. छापणारा माणूस आहे.

भाच्यानं सांगितलं की नागरी हक्कांसाठी काम करणाऱ्या संस्था असतात, फुकट वकील देतात. त्यांना लिहायचं कसं? मराठीत चालतं का? पैसे घेतात का? माझं नाव पेपरात देतील का? ते मला नको आहे, घरात बहिणीची सोयरीक चाललीय. आणि खरं सांगायचं तर बेंगळुरूची संस्था बेळगावच्या मराठी माणसाचं काम घेईल का, हाही प्रश्न आहेच.

---

कडवा_सीमावासी

घेणार नाहीत. सीमाप्रश्न म्हटला की बेंगळुरूचे भले भले पुरोगामी गप्प होतात. २००४ पासून दावा सुप्रीम कोर्टात पडून आहे, तिथं महाराष्ट्र सरकारला न्याय मिळेना, तुम्हाला एका मेलवर मिळणार होय? महाराष्ट्र एकीकरण समितीच्या वकिलांना भेटा. आपली माणसं ती आपली माणसं.

---

निपाणीची_आक्का

कडवा भाऊ, समितीच्या वकिलांना भेटायला माझा विरोध नाही, भेटावंच. पण यांचा प्रश्न सीमाप्रश्नाचा नाहीच. छापखानेवाल्यानं पत्रक छापलं म्हणून त्याच्याकडून वर्षभराचा मुचलका मागितलाय. हा प्रश्न उद्या दावणगेरीच्या कन्नड छापखानेवाल्याचाही होऊ शकतो, आणि हक्कांच्या संस्था नेमकं हेच बघतात.

शाईवाले दादा, मी निपाणीची. बिडी कामगार बायकांच्या पीएफच्या आणि पेन्शनच्या कागदांत आयुष्य गेलं, आता तालुका कानूनी सेवा समितीत पॅरा लीगल व्हॉलंटियर आहे. माझे वडील १९८१ च्या तंबाखूच्या रास्ता रोकोत आत गेले होते, तेव्हापासून वकिलांच्या पायऱ्या घरच्यासारख्या आहेत. तेव्हा थोडं सविस्तर लिहिते.

पहिलं म्हणजे संस्था आणि वकील यांतला फरक डोक्यात पक्का ठेवा. वकिलाला वकालतनामा दिला की तारखेला उभं राहणं त्याच्यावर आलं. संस्थेला मेल केला म्हणजे तिनं काम घेतलं असं होत नाही. त्यांच्याकडं शेकडो अर्ज येतात, माणसं मोजकी, पुष्कळशी आपला धंदा सांभाळून फुकट राबणारी. पीयूसीएलचं (पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज) बघा. जयप्रकाशजींनी आणीबाणीत १९७६ साली काढलेली संघटना, पहिले अध्यक्ष आपले तारकुंडे, मुंबई हायकोर्टाचे माजी न्यायाधीश, सासवडचे. आजही ती सभासदांच्या जिवावर चालते. कर्नाटकात तिची शाखा आहे. बेंगळुरूला अल्टरनेटिव्ह लॉ फोरम आहे, २००० साली वकिलांनीच सुरू केलेली. अशा ठिकाणी लिहा, पण उत्तर येईस्तोवर तुमची तारीख थांबत नाही. तहसीलदारापुढं ‘मी संस्थेला कळवलंय’ याला काही किंमत नाही. म्हणून मेल आजच करायचा आणि तारखेला उभं राहायला माणूसही आजच बघायचा.

माणूस कुठला, तर कानूनी सेवा. १९८७ च्या कायद्यातल्या कलम १२ प्रमाणं बाई असेल, अनुसूचित जाती-जमातीची व्यक्ती असेल, अपंग असेल, कोठडीत असेल, तर उत्पन्न न बघता सरकारी खर्चानं वकील मिळतो. तुमच्यासारख्यांना उत्पन्नाची मर्यादा लागते. ती किती ते कानूनी सेवा समितीच्या कचेरीत विचारा, बदलत असते. आणि तहसीलदारापुढचं काम आहे म्हणून कुणी परत पाठवलं तर ऐकू नका, त्या कायद्यात कोर्ट म्हणजे न्यायिक काम करणारा कुठलाही अधिकारी येतो. आता गंमत बघा. उत्पन्नाचा दाखला नाडकचेरीतून निघतो, म्हणजे ज्या तहसीलदारांनी नोटीस काढली त्यांच्याच खात्याकडून. पण त्यावर अडून बसायचं कारण नाही, उत्पन्नाचं प्रतिज्ञापत्र पुरेसं धरता येतं असं कलम १३ मध्येच आहे. कारकून दाखल्याशिवाय नाही म्हणाला तर हे कलम दाखवा. फोन करायचा तर १५१०० हा नंबर देशभर चालतो.

मेल कसा लिहायचा ते सांगते, कारण निम्मे अर्ज तिथंच मरतात. लोक १९५६ पासून सुरुवात करतात. महाजन आयोग, येळ्ळूरचा फलक, सगळं येतं आणि तारीख कुठली ते पाचव्या पानावर. वाचणारी पोरगी दुसऱ्या परिच्छेदात थांबते. विषयाच्या ओळीतच लिहा: ‘बीएनएसएस १२६ ची नोटीस, सुनावणी अमुक तारखेला, बेळगाव जिल्हा’. मग मजकूर असा काहीसा:

‘मी छापखाना चालवतो. फेरीचं पत्रक छापल्यावरून मला सोबतची नोटीस आली. नोटिशीत माझ्याविषयी लिहिलेली घटना घडली त्या दिवशी मी मिरजेत होतो, पुरावा सोबत. याच मजकुराच्या नोटिसा माझ्या माहितीत आणखी तिघांना आल्या आहेत. मला मुचलका द्यायचा नाही. तारखेला हजर राहणारा वकील, किंवा माझ्या वकिलाला मार्गदर्शन करणारं कुणी मिळेल का? माझं नाव मला विचारल्याशिवाय कुठं देऊ नये.’

एवढं पुरे. नोटिशीच्या दोन्ही बाजू स्वच्छ स्कॅन करा, मागचा पोचवल्याचा शिक्का दिसला पाहिजे. तुम्ही पत्रक छापलंत त्याचं बिल, पत्रकाची प्रत, डिस्चार्ज कार्ड. झालं. मराठीत लिहिलं तरी चालेल, पण सोबत कन्नड किंवा इंग्रजीत तोच मजकूर द्या, वाचणारा बेंगळुरूचा आहे.

नाव पेपरात देण्याबद्दल: विचारल्याशिवाय देत नाहीत, पण तुम्ही आधी लिहून कळवलेलं बरं. कधी कधी संस्था केस घेत नाही, पण असे प्रकार गोळा करून अहवाल करते. त्यात तुमची नोटीस नाव झाकून वापरू का असं विचारतील. तो हो किंवा नाही तुमचा.

पैशाचं म्हणाल तर संस्था फी घेत नाही. टायपिंग, नकला, धारवाडला जायचं भाडं, हे तुमच्यावर येऊ शकतं. आधीच विचारून घ्या, मग रुसवे नकोत.

एक सूचना. राज्योत्सवाची कन्नड आमंत्रणं पण तुम्ही छापली असतील ना? त्याची प्रत जोडा. धंदा आहे, कुणाचंही छापतो, हे एका कागदात दिसतं.

---

शाईवाला

आक्का, हात जोडून आभार. राज्योत्सवाची पत्रिका त्याच आठवड्यात छापलीय, लाल-पिवळी, दुसऱ्या मंडळाची. दोन्ही प्लेटा अजून फळीवर शेजारी शेजारी लावलेल्या आहेत.

विचारायचं राहिलं. मास्तर म्हणतात चौघांनी मिळून एकच अर्ज करूया. ट्रॅक्टरवाला म्हणतो मी सही करून मोकळा होतो, मला उसाचा हंगाम आहे. मग संस्था एकट्यासाठी येईल का?

आणि मंडळाच्या अध्यक्षांचं म्हणणं की भाषिक अल्पसंख्याक आयुक्तांकडं तक्रार करा, नोटीस मराठीत का नाही म्हणून.

---

धारवाड_खंडपीठ_वारी

मी वकिली करतो, कागद पाहिलेले नाहीत, त्यामुळं हे सर्वसाधारण म्हणून वाचा. दाखवा तुमच्या वकिलांना.

तुमच्या वकिलांचं ‘सही कर आणि मोकळा हो’ हे चुकीचं नाही, आळशी आहे. पुष्कळ अशिलांना तेच हवं असतं, त्याला दोष देता येत नाही. पण हे काय आहे ते समजून सही करावी. कलम १२६ म्हणजे जुन्या सीआरपीसीचं १०७. १ जुलै २०२४ पासून आकडे बदलले, आत्मा तोच. हा गुन्हा नाही, यात शिक्षा नाही, पुढं काही होईल या अंदाजावरची ही कारवाई आहे. मुचलका जास्तीत जास्त एक वर्षाचा. अंतिम आदेश होऊनही दिला नाही तर मात्र कैद आहे, म्हणून नोटीस चुलीत घालू नका.

आता तुमच्या झेरॉक्सवर येतो, कारण सगळा जीव तिथं आहे. कलम १३० सांगतं की मॅजिस्ट्रेटनं लेखी आदेश काढायचा आणि त्यात मिळालेल्या माहितीचा सारांश, मुचलक्याची रक्कम, मुदत आणि जामीनदार किती हे सगळं द्यायचं. सारांश त्या माणसाबद्दलचा हवा. फॉर्मवर नाव भरून काढलेले आदेश हायकोर्टांनी पूर्वी पुष्कळदा रद्द केलेत, डोकं न चालवता काढले म्हणून. चौघांचं मॅटर एक, फाँट वेगळा, वय दुसऱ्याचं: हे तुम्ही छापखानेवाले म्हणून दोन मिनिटांत पाहिलंत, आम्हाला कोर्टाला दाखवून द्यायला अर्धा तास लागतो. चारी प्रती जपून ठेवा. शक्य असेल तर बाकी तिघांकडून त्यांची प्रत वापरायला हरकत नाही असं लिहून घ्या. ट्रॅक्टरवाल्यानं सही केली तरी त्याची नोटीस पुरावा म्हणून कामाला येतेच. तेव्हा एकटे लढलात तरी एकटे नाही. अर्ज मात्र ज्याचा त्यानं वेगळा करावा. प्रत्येकाची बाजू वेगळी आहे, तुमच्याकडं मिरजेचं कार्ड आहे, मास्तरांकडं गुडघ्याचं असेल.

हजर झाल्यावर आदेश तुम्हाला वाचून दाखवायला हवा आणि मागितलंत तर सार समजावून सांगायला हवं, हे कलम १३१. तुम्हाला कन्नड येतं, पण ज्यांना येत नाही त्यांनी हे आवर्जून मागावं आणि मागितल्याची नोंद करून घ्यावी.

त्यानंतर कलम १३५ खाली चौकशी. समन्सच्या खटल्यासारखी, म्हणजे पोलिसांचा साक्षीदार येतो आणि त्याची उलटतपासणी होते. इथं तारखेलाच ‘आधी तात्पुरता मुचलका द्या, चौकशी मग बघू’ म्हणतील. थांबायचं ते इथं. तात्पुरता मुचलका चौकशी सुरू झाल्यावरच मागता येतो, आणि तातडीची गरज काय त्याची कारणं लेखी द्यावी लागतात. मधू लिमये यांच्या १९७० च्या केसमध्ये सुप्रीम कोर्टाच्या मोठ्या पीठानं हे स्पष्ट केलंय. होय, तेच आपले मधू लिमये, पुण्याचे, गोवा मुक्तीवाले, बिहारमधून खासदार झाले होते. मुंगेरच्या मॅजिस्ट्रेटविरुद्धची केस होती. कायद्याचं नाव बदललं तरी त्या केसचा दाखला आजही देतात. तुमच्या वकिलांना एवढं नाव सांगा, बाकी ते शोधतील.

चौकशी सहा महिन्यांत संपली नाही तर कारवाई आपोआप संपते, मॅजिस्ट्रेटनं खास कारणं लिहून वाढवली नाही तर. मुचलक्याची रक्कम माणसाच्या ऐपतीबाहेरची नको असंही कायद्यात आहे. मुचलका द्याच असा आदेश झाला तर सेशन्स कोर्टात अपील आहे. त्याआधी मूळ आदेशच इतका कच्चा असेल तर धारवाडला हायकोर्टाच्या खंडपीठाकडं जाता येतं. बेंगळुरू गाठायची गरज नाही, बेळगाव जिल्हा धारवाड खंडपीठाखाली आहे, २०१३ पासून ते कायम झालंय. संस्था खऱ्या उपयोगाची पडते ती या टप्प्याला. तहसीलदारापुढं रोज उभा राहणारा माणूस तुम्हाला तालुक्यातच मिळेल. हायकोर्टात फी न घेता नीट याचिका लिहिणारा मिळणं अवघड, ते या लोकांकडं असतं. म्हणून मेलमध्ये मागणी तशी करा.

आक्कांशी एका गोष्टीत माझा मतभेद आहे. राज्योत्सवाची पत्रिका जोडू नका. ती जोडलीत की तुम्ही स्वतःहून मान्य केलं की काळ्या दिनाचं पत्रक छापणं संशयाचं आहे आणि राज्योत्सवाचं छापणं चांगुलपणाचा दाखला. कायदेशीर पत्रक छापणं हा धंदा आहे, संपलं. त्यासाठी निष्ठेचं सर्टिफिकेट कशाला?

आयुक्तांच्या तक्रारीबद्दल. भाषिक अल्पसंख्याकांसाठीचा अधिकारी हे घटनेच्या ३५० ब कलमातलं पद आहे. ते सरकारला विचारणा करतात, अहवाल देतात. तुमची तारीख ते थांबवू शकत नाहीत. पंधरा टक्क्यांहून जास्त अल्पसंख्याक असतील तिथं कागदपत्रं त्यांच्याही भाषेत द्यावीत हा मुद्दा जुना आहे आणि बरोबर आहे, पण तो सावकाशीचा. अध्यक्षांना करू द्या तक्रार. तुम्ही मात्र तहसीलदारांना मराठीत अर्ज देऊ शकता, गाऱ्हाणं केंद्रात वा राज्यात वापरल्या जाणाऱ्या कुठल्याही भाषेत मांडायचा हक्क कलम ३५० मध्ये आहे. फक्त पोच घ्या. पोच न घेतलेला अर्ज दिला काय न दिला काय.

---

निपाणीची_आक्का

पत्रिकेबद्दल वकीलसाहेब कायद्यानं बोलतात, मी तहसीलदाराच्या तोंडाकडं बघून बोलते. समोर बसलेला माणूसच असतो. पण हायकोर्टाच्या कागदात नको हे पटलं. दादा, पत्रिका पिशवीत ठेवा, कुणी विचारलं तर काढा.

---

कडवा_सीमावासी

चला, शेवटी कन्नड वकिलाच्याच पाया पडायचं तर. चालू द्या. काही झालं तर इथं कळवा, मी चुकीचा ठरलो तर मला आनंदच आहे.

---

शाईवाला

कळवतो.

मेल आक्कांनी सांगितला तसाच केला, इंग्रजी भाच्यानं करून दिलं. दोन ठिकाणी पाठवला. एका ठिकाणाहून अजून काही नाही. दुसऱ्या ठिकाणाहून दोन ओळी आल्या: या टप्प्याला आम्ही थेट वकील देऊ शकत नाही, पण धारवाडच्या एका वकिलांना तुमचे कागद दाखवू का? हो म्हणालो. संध्याकाळी फोन आला. कन्नडमधून. मी मराठी आहे म्हटल्यावर म्हणाले, माहीत आहे, नोटीस वाचली, नोटीस कन्नडमध्येही तितकीच वाईट लिहिलीय. मग स्वतःच हसले. सीमाप्रश्नाबद्दल एक शब्द विचारला नाही. विचारलं ते हे की चारी नोटिशींवर जावक क्रमांक कुठले आहेत. मी बघितलेच नव्हते. काढून बघितले तर ओळीनं लागोपाठ, तारीख एकच. म्हणाले, एका बैठकीत काढलेत, हे जपून ठेवा.

तारखेला धारवाडचे आले नाहीत, येणारही नव्हते. कानूनी सेवेतून मिळालेला वकील आला, तरुण आहे, इथलाच. प्रतिज्ञापत्रावर काम झालं, दाखला कुणी मागितला नाही. धारवाडकरांनी त्याला फोनवर काय सांगायचं ते सांगितलं होतं. गेलो तर साहेब नव्हते. राज्योत्सवाच्या तयारीच्या बैठकीला गेलेले. शिरस्तेदार म्हणाले, मुचलक्याचा फॉर्म तयार आहे, इथं सही करा, परत यायला नको. ट्रॅक्टरवाल्यानं केली. मी वकिलाकडं बघितलं. त्यानं अर्ज पुढं केला, पोलिसांनी दिलेल्या माहितीच्या नकला मिळाव्यात म्हणून, आणि पोच मागितली. शिरस्तेदारांनी अर्ज दोनदा वाचला, मग शिक्का मारला. पुढची तारीख डिसेंबरची पडली. तात्पुरता मुचलका कुणी मागितला नाही. साहेब असते तर मागितला असता का, सांगता येत नाही.

मास्तर माझ्यासोबत राहिले. त्यांना कन्नड येत नाही, वाचून दाखवा म्हणून त्यांनीही अर्ज दिला, मराठीत, स्वतःच्या हस्ताक्षरात. शिरस्तेदारांना म्हणाले, शुद्धलेखन तपासून घ्या हवं तर.

कडवा भाऊ, निकाल लागलेला नाही, त्यामुळं तुम्ही चुकीचे की बरोबर ते मला सांगता येत नाही. फी अजून कुणी मागितलेली नाही. नकलांचे पैसे लागले, तेवढेच.

एक विचारतो. आज समितीकडून पुढच्या मेळाव्याचं पत्रक छापायला आलंय. तळाला प्रेसचं नाव घालू की नको?

---

धारवाड_खंडपीठ_वारी

घाला. बिलही करा, मागवणाऱ्याचं नाव लिहून. नाव नसलेलं पत्रक सापडलं तर ते लपवाछपवीचं म्हणतील, आणि डिसेंबरच्या उलटतपासणीत तोच प्रश्न तुमच्या अंगावर येईल.

---

निपाणीची_आक्का

आणि त्या दिवशीच्या रोजनाम्याची नक्कल मागून ठेवा दादा. साहेब नव्हते, तुम्ही हजर होता, हे त्यात लिहिलंय की नाही ते बघा. नसेल तर लगेच वकिलाला सांगा, डिसेंबरपर्यंत थांबू नका.